डावा काठ

२ फेब्रुवारी

ही वही आमच्या हिने आणून दिली. म्हणे, कामावरून आल्यापासून तुमची जी टकळी सुरू होते ती आता या वहीपुढे चालवा, माझे कान किटले. लेकीनेही लगेच आईची री ओढली. ठीक आहे. वही निदान माझं बोलणं अर्धवट टाकून दूध उतू गेलं का बघायला उठत नाही.

तर आजची बातमी अशी की आमच्या खात्यात कॅमेरे बसले. आमचं खातं म्हणजे कापड तपासणी. गिरणीत विणलेलं कापड बाहेर जाण्याआधी आमच्याकडे येतं. काचेचं लांबरुंद टेबल, काचेखाली दिवे, आणि त्यावरून कापड हळूहळू आमच्या अंगावर सरकत येतं. एका टेबलाला दोन माणसं, खांद्याला खांदा लावून उभी. डावा अर्धा माझा, उजवा दाजींचा. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, भोक, जे दिसेल तिथे काठाला लाल दोरा बांधायचा. डोळ्यात तेल घालून बघायचं, एवढंच शिक्षण.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला मिसरूड फुटलं तेव्हा त्यांनीच मला इथे चिकटवलं, आणि तेव्हापासून आम्ही एकाच टेबलावर आहोत. ताई म्हणते, या माणसाचा संसार माझ्याशी कमी आणि तुझ्याशी जास्त झालाय.

आता दोरा गेला, बटण आलं. दोष दिसला की ज्याचं त्याने आपलं बटण दाबायचं. मशीन वरून कापड बघणार, आमचं बटण बघणार आणि शिकत जाणार. साहेबांनी सगळ्यांना जमवून स्पष्टच सांगितलं. उन्हाळ्यात मशीन स्वतः कापड बघायला लागेल, मग एका टेबलाला एकच माणूस पुरे. कोण राहणार, ते बटणांवरून आणि कामावरून ठरेल.

म्हणजे दाजी किंवा मी. आम्ही दोघांनी डबे उघडले, खाल्ले, बंद केले आणि परत जाऊन उभे राहिलो. दाजी या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मीही कशाला काढू.

५ फेब्रुवारी

दाजींची एक खोड आहे, ती या कॅमेऱ्यांच्या दिवसांत जास्तच जाणवायला लागली आहे. डाव्या हातात चांदीची अंगठी आहे, तिने टेबलाच्या लोखंडी कडेवर टक् करतात. मधूनच. कधी बराच वेळ काही नाही, कधी लागोपाठ. पूर्वी असं नव्हतं, अलीकडे दोनेक वर्षांत लागलंय. वयाप्रमाणे माणसाला काहीतरी लागतंच. आमचे शेजारी गुडघे हलवत बसतात.

मला आधी वैताग यायचा. आवाज झाला की लक्ष चाळवतं, आपोआप मान आपल्या काठाकडे फिरते. पण गंमत बघा, मान फिरली की नेमकं तिथेच काहीतरी सापडतं. आज डाव्या काठाला केवढं तरी भोक सापडलं असंच. दाबलं बटण. म्हटलं वा, नजर अजून शाबूत आहे.

१४ फेब्रुवारी

डावा खांदा ठणकतोय. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटलो. ही म्हणते, याच घरात इतकी वर्षं राहता, चौकट काय काल आली? मी म्हटलं, दार अर्धवट लोटून ठेवता कशाला. दार उघडंच होतं म्हणे. असेल.

संध्याकाळी ताईकडे गेलो होतो. जेवताना माझ्या हातून पाण्याचा पेला लवंडला, अगदी डावीकडे, ताटाला चिकटून कोणीतरी ठेवलेला. ताई म्हणाली, लहानपणीही हा असाच होता. सगळे हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी गुपचूप उठून पाणी पुसलं आणि पेला माझ्या उजव्या हाताला ठेवला.

निघताना ताईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, छोट्या, यांचं वय झालंय, इथून सुटले तर यांना कोण उभं करणार? तू काहीतरी बोल ना साहेबांशी. मी म्हटलं, ताई, तिथे मशीन मोजतंय, माझ्या बोलण्याला कोण विचारतं. घरी येईपर्यंत मला चैन नव्हतं. माझंही वय काय कमी आहे? लेकीचं शिक्षण अजून अर्ध्यावर आहे. हे मी ताईला बोललो नाही.

३ मार्च

खात्याच्या दाराशी टीव्हीसारखा पडदा लावलाय. त्यावर सगळ्यांची नावं, बटणांचा हिशेब आणि फेरतपासणीत सापडलेले सुटलेले दोष. खोटं कशाला लिहू, छाती फुगली. अख्ख्या खात्यात मी पहिला. डाव्या काठाचा एकही दोष सुटलेला नाही.

दाजी खाली आहेत. त्यांच्या अर्ध्यातले दोष सुटतात. बारीकच असतात, गाठी वगैरे, पण सुटतात. आज मी त्यांना हसत हसत म्हटलं, दाजी, जरा आपल्या अर्ध्याकडे बघा, सारखी मान माझ्याकडे कशाला? ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघतो." बस्स. दिवसभर टकटक चालूच.

कॅमेऱ्यांचं काम बघणारी मुलगी मात्र गोड आहे. आम्ही तिला कॅमेरावाली म्हणतो, तिलाही ते चालतं. माझ्यापाशी येऊन म्हणाली, काका, मशीन सगळ्यांत चांगलं तुमच्याकडून शिकतंय. घरी येऊन हिला हे दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी म्हणाली, वहीला सांगा.

२१ मार्च

आज साहेबांनी एकेकाला खोलीत बोलावलं. माझ्या कामाचं कौतुक केलं, चहा मागवला. मग विचारलं, तुमच्या जोडीदाराचं काम कसं वाटतं? इतकी वर्षं एकत्र आहात, तुम्हालाच माहीत.

मी म्हटलं, माणूस म्हणाल तर देवमाणूस. त्यांच्यामुळेच मी इथे आहे. साहेब म्हणाले, ते झालं, कामाचं सांगा. मी म्हटलं, काम जाणतात, पण अलीकडे स्वतःच्या अर्ध्यावर लक्ष नसतं, मान सारखी माझ्या बाजूला. थट्टेतच म्हटलं. साहेबही हसले. मात्र हसता हसता त्यांनी ते टिपून घेतलं.

खोटं तर काही बोललो नाही. जे खात्यातल्या सगळ्यांना दिसतं तेच बोललो. तरी रात्री ताट अर्धवट सोडून उठलो, आणि हिने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

९ एप्रिल

मी राहिलो. दाजी गेले.

१० एप्रिल

काल पुढे लिहवलं नाही. साहेबांनी दाजींना आधी बोलावलं. बराच वेळ आत होते. बाहेर आले ते थेट टेबलाशी येऊन उभे राहिले आणि उरलेलं कापड बघून संपवलं. मी वाट बघत होतो, काही बोलतील, चिडतील तरी. सुटायच्या वेळी त्यांनी फडक्याने काच पुसली. माझ्याकडे वळून म्हणाले, "डाव्या काठाकडे बघत जा."

मला राग आला, खरंच सांगतो. जो पहिला आला त्याला शिकवतायत. मी नुसती मान हलवली. जे सुचत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. ते थोडा वेळ थांबले, जणू माझ्याकडून काही यायचं होतं. मग डबा उचलून गेले.

२ मे

दाजी फिरकलेले नाहीत. आम्ही गेलो तर ताई एकटीच बसते आमच्यापाशी, ते आत पडून असतात. फोनवर ताई कामापुरतं बोलते. ज्या बहिणीने मला कडेवर खेळवलं ती आता मला 'बसा' म्हणायच्या बेतात आहे.

ही म्हणते, तुम्ही जाऊन एकदा मोकळेपणी बोला. काय बोलू? तुम्हाला काढलं याचं वाईट वाटतं म्हणून सांगू? वाटतंच. पण मत्सरावर कोणाकडे औषध असतं? माझा आकडा मोठा होता, त्यात माझा काय दोष. एवढ्या वर्षांचा माणूस असा तोंड फिरवेल असं वाटलं नव्हतं.

१८ मे

आता टेबलाशी एकटाच. उभं राहायचं नाही, खुर्ची दिली आहे. समोर लांबलचक पडदा. कापड मशीन बघतं, दोष सापडला की लाल चौकोन काढतं आणि आपलं आपण नोंदवतं. जिथे त्याची खात्री नसते तिथे पिवळा चौकोन येतो. तो मी बघायचा आणि हो की नाही ते दाबायचं. नाही दाबलं तर चौकोन पुढे सरकून निघून जातो.

सोपं काम. पण खातं असं शांत झालंय की स्वतःचा श्वास ऐकू येतो. सगळे एकेकटे बसलेले. कोणाशी बोलायचं तर उठून जावं लागतं, आणि उठलं की पडदा विचारतो, आपण कुठे आहात? मी एकदा त्याला मोठ्याने उत्तर दिलं. पलीकडच्या टेबलावरचा हसला, तेवढीच दिवसभरातली करमणूक.

खरं सांगू का, टकटक आठवते.

६ जून

माझा आकडा घसरतोय. पिवळे चौकोन सुटतात म्हणे. मी म्हटलं, आलेच नाहीत तर सुटतील कसे? साहेबांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, काका, झोप होते ना नीट? कानशिलं तापली. ज्याला सगळ्यांच्या वर बसवलं त्याला चारचौघांत असं विचारतात.

रस्त्यात एका सायकलवाल्याने शिव्या घातल्या. म्हणे, आंधळा आहेस का? कुठून अंगावर आला देव जाणे. लोकांना हल्ली चालवण्याची शिस्तच नाही.

घरी आलो तर लेक कुठे दिसेना. मी हिला विचारलं, पोरगी अजून आली नाही? लेक माझ्या शेजारीच बसली होती, डाव्या बाजूला. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, थकलोय. खरंच थकलोय.

१५ जून

कॅमेरावाली आज माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. हळू आवाजात बोलली, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाली, काका, रागावू नका. तुमचे सुटलेले चौकोन मी एकत्र लावून बघितले. सगळे डावीकडचे आहेत. उजवीकडचा एकही सुटलेला नाही.

मी म्हटलं, असं कसं होईल? मी तर डाव्या काठाचा माणूस. ती म्हणाली, तेच मला कळत नाही. मशीन डावा काठ तुमच्याकडूनच शिकलं. तेव्हा तुम्ही एकही सोडला नव्हता. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. मला पडद्याच्या मधोमध बघायला सांगितलं आणि विचारलं, माझा हात दिसतो का? मी म्हटलं, कुठला हात? तिने माझी मान धरून डावीकडे वळवली. हात तिथेच होता, माझ्या कानाच्या थोडा पुढे, बोटं हलवत.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिलाच धीर दिला, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून.

१८ जून

काचबिंदू. डॉक्टरबाईंनी एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपका चमकला की बटण दाबा म्हणाल्या. आयुष्य बटणं दाबण्यातच जायचं दिसतंय. नंतर कागद दाखवला. डाव्या बाजूचं जवळजवळ सगळं काळं.

मी म्हटलं, पण मला काळं काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, दिसत नाहीच. हा दुखत नाही, सांगत नाही. जे दिसत नाही ते नाही हे माणसाला कळतच नाही, म्हणून लोक इतक्या उशिरा येतात. गेलेलं परत येणार नाही. थेंब घालून उरलेलं जपायचं. किती दिवसांपासून असेल असं विचारलं तर म्हणाल्या, काही वर्षं तरी नक्की.

सबंध वेळ ही माझ्या डाव्या हाताला बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम माझ्याकडे लक्ष देत नाही." आणि रस्त्यातच रडायला लागली.

१९ जून

काही वर्षं.

मग फेब्रुवारीत डाव्या काठाचा एकही दोष सुटला नाही तो कसा? हा प्रश्न काल संध्याकाळपासून डोक्यात होता आणि मी त्याला हात लावत नव्हतो. आज चहा पिताना हिच्या बांगड्या ओट्यावर वाजल्या, टक्, आणि माझी मान डावीकडे फिरली.

टक् वाजलं की मान फिरायची. मान फिरली की सापडायचं. दाजी स्वतःचा अर्धा सोडून माझा बघत होते. बघून बटण दाबत नव्हते, माझं बटण होतं ते. मला दाबू देत होते. तेवढ्या वेळात त्यांच्या बाजूच्या गाठी निघून जायच्या. मशीन शिकलं ते माझ्याकडून नाही, दाजींच्या डोळ्यांकडून शिकलं, आणि मशीनने पहिला कोण ठरवला तर मी.

आणि मी साहेबांना सांगितलं, त्यांचं स्वतःच्या अर्ध्यावर लक्ष नसतं.

चहा तसाच टाकून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून रडलो. नळ कशाला सोडला, घरात सगळ्यांना कळतच होतं.

२२ जून

साहेबांना डॉक्टरचा कागद दिला. त्यांनी बसायला सांगितलं, खूप चांगलं बोलले. महिनाअखेरीस माझा हिशेब चुकता होईल. मी म्हटलं, माझ्या जागी दाजींना घ्या, सगळं काम त्यांचंच होतं. टकटक कशी चालायची ते टेबलावर करून दाखवलं. साहेब विचारात पडले. मग म्हणाले, आता जागाच राहिलेली नाही, मशीनला आता फारसं कोणाला विचारावं लागत नाही. तुमच्या दोघांकडून शिकून झालंय त्याचं.

२७ जून

आज दाजींना भेटलो. त्यांना एका मोठ्या गोदामात काम मिळालंय, हे ताईकडून हिला कळलं होतं, मला आज कळलं. कानात एक यंत्र घालतात. ते सांगतं, या रांगेत जा, हे खोकं उचल, तिकडे नेऊन ठेव. उशीर झाला तर पुन्हा सांगतं. दिवसभर चालून त्यांच्या पायांना सूज आहे. शेजारी कोणी नसतं. आवाज बाईचा आहे, गोड आहे, आणि तिला उत्तर देता येत नाही, असं ते म्हणाले.

ताईने दार उघडलं, काही न बोलता आत गेली. आम्ही दोघं समोरासमोर. मी डॉक्टरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलगडलाही नाही. म्हणाले, गेलास शेवटी डॉक्टरकडे, बरं केलंस.

मी विचारलं, "दाजी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

ते चक्रावून माझ्याकडे बघायला लागले. "सांगायचं काय? दोन वर्षांपूर्वी एकदा मोठं भोक आलं, साहेब मागे उभे होते. तुला दिसलं नाही, मी अंगठी वाजवली, तू लगेच बघून दोरा बांधलास. नंतर रोज तसंच. मी वाजवायचो, तू बघायचास. मला वाटलं, तुला माहीत आहे. लाज वाटते म्हणून बोलत नाहीस."

"मला माहीत नव्हतं."

आतून ताईचा भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग त्या दिवशी," दाजी म्हणाले, "तुला ठेवलं, मला काढलं, तेव्हा तू गप्प उभा राहिलास. मी थांबलो होतो. नोकरी तुलाच राहू दे, असंच माझ्या मनात होतं. पण म्हटलं, हा एक शब्द तरी बोलेल. तू नुसती मान हलवलीस."

शेवटी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं, साहेबांच्या खोलीत मी काय बोललो ते. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी हात वर केला. "मला वाचून दाखवलं त्यांनी. खरंच होतं रे ते. नसायचंच माझं लक्ष माझ्या अर्ध्यावर."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून बसवलं. ताई बाहेर आली, माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ती मला बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

निघालो तेव्हा दाजी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. सुजलेल्या पायांनी, मी नको नको म्हणत असताना. न सांगता माझ्या डाव्या बाजूला झाले. त्यांच्या इमारतीच्या दाराबाहेर पायऱ्या आहेत, बाजूला लोखंडी कठडा आहे. पहिल्याच पायरीला माझा पाय चुकला आणि मी पुढे कोलमडलो. त्यांनी दंड घट्ट धरला म्हणून वाचलो.

सावरून बघितलं तर त्यांचा दुसरा हात कठड्यावर होता, करंगळीशेजारचं बोट वाकवलेलं. त्यांनी वाजवलं होतं. पण बोटात अंगठी नव्हती. गोदामात चालत नाही, ताईच्या डब्यात ठेवली आहे. बोटावर नुसता पांढरा वळ होता, आणि आवाज झाला नव्हता.

आम्ही दोघं त्या बोटाकडे बघत उभे राहिलो. मग दाजींनी घसा साफ केला. "पायरी आहे, छोट्या," ते म्हणाले, आणि मी मान फिरवून खाली बघितलं.